आधी मी उतरतो

या पृथ्वीतलावर चढणारे पुष्कळ झाले. कोणी डोंगर चढलं, कोणी घोड्यावर चढलं, कोणी बोहल्यावर. पण उतरायचं कसं याची अष्टौप्रहर काळजी वाहणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं मोठं गमतीचं आहे. ते रक्ताचंही नाही आणि आपण निवडलेलंही नाही. एकाच सासुरवाडीत सापडलेल्या दोन माणसांना एकमेकांबद्दल जी कणव वाटते, तिच्यावर ते चालतं. आमचंही तसंच चाललंय. ते राहतात जबलपुरात दीक्षितपुऱ्यात, आम्ही तिथेच अधारतालला, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या वास्तुशांतीला ते आले तेव्हा दारात उभं राहून, घाम पुसत, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साडूभाऊ, उतरायला दुसरा जिना आहे का?" नाही म्हटल्यावर माणूस जो उदास झाला तो श्रीखंड-पुरीनेही सावरला नाही. जेवता जेवता मधूनच उठून ते जिन्याचा कठडा हलवून पाहून आले, आणि येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "जरा ढिला आहे, पण चलो, हळूहळू जाऊ." पानात तेव्हा नुकता मसालेभात पडला होता.

यात सगळा दोष त्यांचाच आहे असं मी म्हणणार नाही. जन्मभर नोकरीच तशी केली. इथल्या एका संरक्षण कारखान्यात ते चाचणी विभागात होते, आणि त्यांचं काम काय, तर तोफेतून सुटलेला गोळा कुठे जाऊन पडला ते पाहायचं. गोळा सुटतो तिथे धडाम आवाज होतो, धूर निघतो, आलेले साहेबलोक माना डोलावतात, चहा-समोसे होतात. साडू मात्र तिकडे लांब माळावर, उन्हातान्हात, गोळा पडायची वाट बघत बसलेले. इतकी वर्षं तोच उद्योग केल्यावर माणसाचं असंच होणार. "वर काय, कोणीही जातं," ते म्हणतात, "खाली कसं येऊन राहिलं ते बघा, तिथे सगळा खेळ आहे." निवृत्तीच्या निरोप समारंभात व्यासपीठाची पायरी डुगडुगते असं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी वर जायला साफ नकार दिला. शेवटी मोठे साहेबच शाल-श्रीफळ घेऊन खाली आले, आणि येताना अडखळले. साडूंनी त्यांना झेललं. तो प्रसंग ते आजही सांगतात, आणि सांगताना शालीचा उल्लेखही करत नाहीत.

आगगाडीतली तर कथाच वेगळी. नागपूरहून जबलपूरला यायचं म्हटलं की नरसिंहपूर सुटायचा अवकाश, साडू उठून उभे राहतात. जबलपूर तिथून चांगलं दीड तासावर. पण ते सामान उतरवतात, मोजतात, चपला घालतात, बाकाखाली वाकून बघतात, आणि बॅग पुढ्यात धरून दारापाशी जाऊन उभे राहतात ते राहतातच. एकदा त्यांना असं उभं पाहून एका अख्ख्या कुटुंबाला वाटलं की स्टेशन आलं. मधल्याच कुठल्याशा छोट्या स्टेशनावर गाडी जरा थांबली, तर ती मंडळी आजीबाईंसकट भराभर उतरून मोकळी. गाडी हलली तेव्हा फलाटावरून ती सगळी साडूंकडे ज्या नजरेने बघत होती ती मला अजून आठवते. साडूंना त्याचं काही नाही. "बघा," मला म्हणाले, "कसे शिस्तीत उतरले. नाहीतर आपले लोक!"

पण या सगळ्याचं मूळ वेगळंच आहे, आणि ते सिहोऱ्याच्या बसमध्ये आहे. लग्न नवीन होतं. सिहोऱ्याला कुण्या आत्याबाईंकडे दोघं जेवायला निघाले होते. बस थांबली, ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, पुढे उतरायला लागली आणि हे मागून बॅगा घेऊन येत होते. ताईचा एक पाय जमिनीवर, एक पायरीवर, आणि तेवढ्यात कंडक्टरने "चलो, चलो!" म्हणून पत्र्यावर हात मारला. ताई आडवी पडली. हनुवटी फुटली, नव्या हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला, आणि नवरदेव दोन्ही हातांत बॅगा घेऊन वरून नुसते बघत राहिले. ताईच्या हनुवटीवर तो व्रण अजून आहे. त्या दिवसापासून साडूंनी एक नियम केला. आधी मी उतरतो, मग तू. बस असो, रिक्षा असो, देवळाची पायरी असो, साडू आधी खाली जाणार, वळणार, उजवा हात वर करणार, आणि ताई तो धरून उतरणार. ताईचीही मग त्याला साजेशी सवय झाली. उतरायची वेळ आली की ती पदर कमरेला खोचते आणि पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. पर्स हलली की साडू हलले. दोघांत एक शब्द होत नाही. आमच्या सासुरवाडीत याची इतकी थट्टा झाली की मेहुण्यांच्या लग्नात पोरं जेवणाच्या पाटावरून उठतानासुद्धा "आधी मी उतरतो" म्हणून हात पुढे करत. साडू हसायचे नाहीत. "हसा, हसा," म्हणायचे, "हनुवटी कोणाची फुटली होती?"

आता अशा माणसाला बायको मिळावी ती कशी, तर जिला उंची म्हटलं की उधाण येतं. ताई शाळेत भूगोल शिकवायची. आयुष्यभर तिने फळ्यावर निळ्या खडूने नर्मदा काढली. एका दमात, हात न उचलता, अमरकंटकापासून समुद्रापर्यंत. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज डॉक्टर-वकील होऊन भेटतात आणि म्हणतात, मॅडम, बाकी सब भूल गए, वो नदी याद है. तर या बाईला निवृत्तीनंतर काचबिंदूने गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती जपू, पण किती दिवस ते माझ्या हातात नाही. घरी आल्यावर ताई आम्हाला म्हणाली, "नकाशा कडेकडेने पुसला जाऊन राहिला आहे, बस. मधलं अजून दिसतं." आणि चहा टाकायला आत गेली. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. साडूंनी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाची पट्टी मारायला घेतली, तिला दिसावी म्हणून.

आणि त्याच हिवाळ्यात आमच्या जबलपुरात फुगा आला. गरम हवेचा, माणसं घेऊन उडणारा. बाहेरची कोणी मंडळी तो घेऊन आली होती, भेडाघाटच्या रस्त्याला एका मैदानावर. ताईने पेपर डोळ्यांजवळ धरून ती बातमी वाचली, पेपराची घडी केली आणि जाहीर केलं, "मला यात बसायचं आहे."

"कशात?"

"फुग्यात. नदी वरून बघायची आहे मला. जन्मभर पोरांना काढून दाखवली, बरोबर काढत होते की नाही ते एकदा बघू द्या की."

"काहून असा हट्ट करून राहिली?" साडूंचा आवाज तिथेच फुटला. "अगं, विमानाला चाकं असतात, ब्रेक असतो. त्या फुग्याला काय आहे? वारा नेईल तिकडे जायचं अन् वारा टाकेल तिथे पडायचं!"

"पडायचं नाही, उतरायचं."

"तेच तर!" साडू म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मी मध्ये पडलो. म्हटलं, साडूभाऊ, डॉक्टरांना विचारा. मला खात्री होती डॉक्टर नाही म्हणतील आणि प्रकरण मिटेल. तर डॉक्टर हसून म्हणाले, इतनी ऊँचाई से आँख को कुछ नहीं होता, ले जाइए, और जल्दी ले जाइए. त्यातला 'जल्दी' साडूंच्या काळजात जो रुतला तो रुतलाच. बाहेर येऊन त्यांनी मला बाजूला घेतलं. तोंड उतरलेलं. म्हणाले, "मीही जाईन तिच्यासंगं. उतरताना कोणी नको का?"

त्यानंतरचे दिवस आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लावणारे गेले. साडूंनी मोबाइलवर जगातले जेवढे म्हणून फुगे पडले, आपटले, फरफटले, झाडात अडकले, त्या सगळ्यांची चित्रं शोधून काढली आणि फॅमिली ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. सकाळी डोळे उघडावेत, सगळ्यांनी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवलेले असावेत, आणि त्यात साडूंची एक उलटी झालेली टोपली. खाली एकच ओळ, 'लक्ष द्या.' हळूहळू मलाही त्यातलं कळू लागलं. फुगा आपटतो तो बहुतेक उतरतानाच. वारा असला की टोपली जमिनीला टेकूनही थांबत नाही, आडवी होऊन शेतातून फरफटत जाते. सगळ्यात वाईट विजेच्या तारा. त्या वरून दिसत नाहीत आणि दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. एकदा तर मी स्वतः ऑफिसात बसल्या बसल्या खिडकीबाहेरच्या तारा मोजताना सापडलो आणि मनातल्या मनात साडूंना चार शिव्या हासडल्या.

मग सुरू झाली तालीम. दीक्षितपुऱ्याच्या गच्चीवर साडूंनी चार खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या, त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, आणि ती झाली टोपली. आत मी, माझी बायको, ताई आणि ते. "जिकडे फुगा चालला तिकडे पाठ! गुडघे वाकवा! दोरी धरा! अंग कठड्याला टेकवा!" आमची वयं काय, गुडघे काय! समोरच्या गच्चीवरची शेजारीण मिरच्या वाळवत होती. ती म्हणाली, "भाभी जी, योगा चालू किया क्या?" ताई वाकलेल्या गुडघ्यांनीच म्हणाली, "नहीं बहन, लैंडिंग!" शेजारणीने काय समजायचं ते समजून मिरच्या उचलल्या आणि आत गेली.

आणि तालीम संपताना रोज एकच बजावणं. बोट उगारून, माझ्या नाकासमोर. "टोपली टेकली तरी पायलट सांगेपर्यंत कोणीही पाय बाहेर टाकायचा नाही. कळलं? एक जरी माणूस उतरला तर तेवढं वजन कमी होतं अन् फुगा बाकीच्यांना घेऊन परत वर जातो. अन् खाली उतरलेल्याने टोपली धरून ठेवायची नाही. धरून ठेवणारा लटकतो, अन् लटकणारा वरून सुटतो." हे इतक्या वेळा झालं की माझी बायको झोपेत "पाय बाहेर टाकू नका" म्हणाली, आणि मी पलंगावरच आखडून पडून राहिलो.

तो दिवस उजाडला. अजून धुकं पुरतं फाटलं नव्हतं आणि आम्ही मैदानावर. मी खालीच राहणार होतो. फुग्यामागून रस्त्याने जी जीप जाते तिच्यात. बायको आलीच नाही, घरी देवाजवळ दिवा लावून बसली. फुगा भरत होता, लाल-पिवळा, आणि वरची ती शेगडी भसाभस पेटत होती. वजन विचारलं तेव्हा साडूंनी आपलं सांगितलं आणि वर म्हणाले, "स्वेटर दो पहने हैं, वो भी जोड़ लीजिए." मुळातच साडू म्हणजे भरभक्कम ऐवज. पायलट एक तरतरीत मुलगी होती. साडूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"बेटा, लैंडिंग कितनी की हैं अब तक?"

"अंकल," ती म्हणाली, "जितनी बार ऊपर गई हूँ, उतनी ही."

मला हसू आवरेना. साडूंनी मात्र गंभीरपणे मान हलवली. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणी नीट उत्तर दिलं होतं. मग ते चढले. फुगा सुटला. ती दोन माणसं, एक रडकुंडीला आलेलं आणि एक हरखलेलं, बघता बघता एवढीशी झाली.

वर काय झालं ते ताईने सांगितलेलं सांगतो. साडूंनी जमीन सुटल्याबरोबर गुडघे वाकवले, दोरी धरली, डोळे मिटले, आणि सबंध प्रवास तसाच केला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं उतरणंच चालू होतं. पायलट पोरगी म्हणाली, अंकल, अभी बहुत टाइम है, आराम से खड़े रहिए, तर म्हणाले, "आप अपना काम करो, मैं अपना कर रहा हूँ." मग ताईने त्यांना सांगायला घेतलं. धुकं कसं नदीवरच तेवढं उरलंय, भेडाघाटचे पांढरे खडक कसे दिसतात, धुवांधार धबधब्याचं पाणी कसं धुरासारखं उठतं. "अहो," ती एकदम हसत सुटली, "ते वळण मी चुकीचं काढत होते हो! इतकी वर्षं! जरा जास्तच पोट काढत होते नदीला!" साडू मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "वारा वाढला का?" जिला दिसेनासं होत होतं ती सांगत होती आणि ज्याचे डोळे धडधाकट होते तो मिटून उभा होता. काय म्हणावं याला!

आमची जीप पाटणच्या बाजूला धावत होती. ड्रायव्हर निवांत गुणगुणत होता, मी मान बाहेर काढून आडवा झालो होतो. पुढे मटारांची शेतं लागली, हिरवीगार, शेंगा भरून आलेली. फुगा खाली येऊ लागला. मी तारा शोधत होतो. होत्या! शेताच्या पलीकडच्या बांधावरून तारा गेल्या होत्या, आणि त्यांच्याही पलीकडे नाला. पण पोरीचा हात खरोखर चांगला होता. टोपली अलगद टेकली, एक उडी मारली, आणि उभीच्या उभी थांबली. फरफट नाही, आपटणं नाही, काही नाही. सगळी चित्रं खोटी ठरली. माझा जीव भांड्यात पडला. मी जीपमधून उतरून बांधावरून धावत निघालो. पायलट ओरडून सांगत होती, "अभी कोई नहीं उतरेगा, कोई नहीं!" आणि वर बघून कसलीशी दोरी ओढत होती.

आणि टोपलीत ताईने पदर कमरेला खोचला. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मी ओरडलो असेन. मला आठवत नाही. टोपलीला पाय ठेवायला भोकं असतात, त्यात एक पाय, कठड्यावरून दुसरा, आणि आमचे साडू, ज्यांनी आम्हाला बोट उगारून उगारून बजावलं होतं ते साडू, धप्पकन मटारात उतरले. वळले. उजवा हात वर केला. ताईने तो धरला. आणि फुगा उचलला.

इतका हळू उचलला की आधी कोणाला कळलंच नाही. साडूंचा हात सरळ होत गेला. मग ते चवड्यांवर उठले. मग बोटांच्या टोकांवर. वरून पोरगी किंचाळत होती, "छोड़िए अंकल! हाथ छोड़ दीजिए!" ताई वाकली होती आणि तिचा हात त्यांच्या हातात होता. त्या क्षणी साडूंच्या तोंडावर जे होतं ते मी परत कोणाच्या तोंडावर पाहू नये. हात सोडायचा नाही यावर ज्या माणसाचा सगळा संसार चालला, त्याला कळत होतं की धरून ठेवला तर ती ओढली जाईल. ती सगळी चित्रं त्यांनी पाहिली होती. त्यांनी हात सोडला.

फुगा सुसाट वर गेला. पोरीने शेगडी भडकवली, कारण आता अर्धवट खाली राहणं म्हणजे तारांत जाणं. आणि साडू त्याच्या खालून पळत सुटले. मटाराचे वेल तुडवत, एक बूट गेला, मफलर गेला, आणि उजवा हात तसाच वर. "गुडघे वाकव! अगं, गुडघे वाकव! पाठ टेकव!" मी मागून धापा टाकत. शेतात शेंगा तोडणारी माणसं उभी राहून बघत होती. शेतकरी काठी घेऊनच आला, "काय बड्डे, मटर काय रौंद रए?" म्हणजे, काय दादा, मटार का तुडवताय? मी नुसतं वर बोट केलं. "उसकी घरवाली है," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्याने वर बघितलं, साडूंकडे बघितलं, काठी टाकली आणि तोही पळायला लागला. टोपली तारांच्या वरून गेली. किती वरून ते मला विचारू नका, मी डोळे मिटले होते.

नाल्यापलीकडे ती उतरली, आणि या वेळी सगळं चित्रांतल्यासारखं झालं. टेकली, आडवी झाली, मातीतून जराशी फरफटली, आणि थांबली. लाल-पिवळं कापड हळूहळू जमिनीवर निजलं. साडू नाल्याच्या पाण्यातूनच गेले. आम्ही पोचलो तेव्हा पायलट बाहेर येऊन पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणत होती, "आंटी, प्लीज़, अब आ जाइए, सब ठीक है." आणि आडव्या टोपलीत ताई, पाठ कठड्याला, गुडघे वाकवलेले, दोरी धरलेली, अगदी गच्चीवर शिकवलं होतं तशी. एक ओरखडा नाही. ती म्हणाली, "नहीं बेटा, इनको आने दो."

साडू आले. बोलायला श्वास नव्हता. चिखलाने भरलेला हात त्यांनी पुढे केला आणि तो धरून ताई बाहेर आली. मग साडू जे रडायला लागले ते लहान मुलासारखे, सगळ्यांसमोर. "मी नियम मोडला, मी उतरलो," एवढंच. ताई त्यांच्या स्वेटरवरचे वेल काढत होती.

"अहो, ऐका तर," ती म्हणाली, "पहिल्या खेपेला नदी पाहिली. पण दुसऱ्या खेपेला वर गेले ना, तेव्हा तुम्ही दिसलात. एवढंसं हिरवं शेत अन् त्यात तुम्ही हात वर करून पळून राहिले. इतकं साफ तर मला कित्येक दिवसांत काही दिसलं नव्हतं."

शेतकऱ्याने वेलांच्या नुकसानीबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट पोतंभर शेंगा जीपमध्ये टाकल्या. त्यानंतर कितीतरी दिवस दोन्ही घरी मटाराचीच उसळ होत राहिली, आणि साडू प्रत्येक घासाला खाली मान घालत. ग्रुपवर त्यांनी पुन्हा फुगा म्हणून टाकला नाही. मी चिडवायची सोडणार नव्हतो, पण एकदा तोंड उघडलं तर बायकोने असं पाहिलं की मी पापडाचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

ताईची नजर नंतर गेलीच. हळूहळू, कडेकडेने, तिने सांगितलं होतं तशी. आता साडू तिला सांगतात, समोर काय आहे ते. पण त्यांचं सांगणं म्हणजे काय विचारता! बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत, "समोर खड्डा. डावीकडे गाय. गायीमागे वासरू आहे, म्हणजे गाय मारेल. वर तार लोंबून राहिली." ताई म्हणते, "अहो, दुकानं सांगा, दिवे लागले असतील, साड्या सांगा." तर म्हणतात, "आहेत साड्या. पायरी आहे, जपून." रिक्षातून उतरताना मात्र काही सांगावं लागत नाही. तिची पर्स हलते, ते उतरतात, आणि त्यांचा हात कुठे आहे ते तिला बरोबर कळतं.

परवा संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. गच्चीवर उन्हाला बसून तिळगूळ खाणं चाललं होतं आणि कोणीतरी खालून ओरडलं, "गुब्बारा! गुब्बारा!" लांब पश्चिमेला फुगा दिसत होता. मला वाटलं, साडू उठून आत जातील. ते उठले, पण ताईच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले.

"आहे का हो?" ताईने तोंड वर केलं.

"आहे. लाल आहे. पिवळे पट्टे आहेत." साडू थांबून थांबून सांगू लागले. "ऊन पडलं आहे त्याच्यावर. खाली थोडं धुकं आहे. एक घार आहे बाजूला, ती त्याच्याहून खाली उडून राहिली." मी तिळगूळ हातात धरून ऐकत राहिलो. या माणसाने घार पाहिली होती!

फुगा खाली खाली येऊ लागला. घरांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या मागे गेला, आणि दिसेनासा झाला. तो कुठे टेकला, कसा टेकला, तिथे तारा होत्या की झाडं, काही कळायला मार्ग नव्हता. साडू टाचा उंचावून त्या टाक्यांकडे बघत होते आणि कपाळावर घाम आला होता. ताईने त्यांचा हात धरला होता. साडूंच्या टाचांबरोबर तोही वर ओढला गेला होता हे मला दिसत होतं, मग तिला तर कळलंच असणार.

"उतरला का?" तिने विचारलं.

"नाही गं," साडू म्हणाले, "अजून वरच आहे. नदीवर आहे."